ओढा कुठलीही वायर

...आणि वर मलाच विचारतात, वायर ओढता येईल अशी ठेवलीच कशाला होती? आता तुम्हीच सांगा, वायर ही ओढता येणारच ना? जी ओढता येत नाही तिला वायर म्हणतात का? तिला भिंत म्हणतात. पण नाही, चूक माझी. दोन मोठ्या माणसांनी हौसेनं दोन वायरी ओढल्या, एकशे चाळीस लोकांचे कॉम्प्युटर जागच्या जागी गोठले, आणि नोकरी कुणाची टांगणीला लागली? माझी. वय एक्कावन्न, अनुभव सव्वीस वर्षांचा, आणि गुन्हा काय, तर म्हणे वायर ढिली होती.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल हा माणूस उगाच करवादतोय. पहिल्यापासून सांगतो. ऑफिस इमारतींचे नकाशे काढणारं. एकशे चाळीस टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर नुसता स्क्रीन, कीबोर्ड आणि मुठीएवढा एक डबा. खरा कॉम्प्युटर तिथे नाहीच. तो मागच्या थंडगार खोलीत, सर्व्हरच्या पोटात. त्याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. म्हणजे आहे म्हणतात, पण हाताला लागत नाही, आमच्या पगारवाढीसारखं. आणि ह्या सगळ्या मशीनींचं सामानसुमान, फायली, नकाशे, सगळं ठेवायला एकच सामायिक कपाट. त्याला म्हणतात स्टोरेज. हे कपाट अडकलं की एकशे चाळीस माणसं एकदम रिकामी. आलं ना लक्षात? आणि ह्या सगळ्याचा सांभाळ करणारा एकटा मी. ऑफिसात मला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे म्हणतात, "अहो सर्व्हर."

तर आधीचं कपाट होतं एका कंपनीचं बंद खोकं. महागडं आणि मंद. सकाळी नऊला सगळ्यांनी एकदम बटण दाबलं की ते खोकं असं कण्हायचं... लोक बटण दाबून खाली जायचे, चहा प्यायचे, कुणाकुणाची उणीदुणी काढायचे, वर यायचे, तरी स्क्रीनवर चक्र फिरतंच आहे. एक दिवस ते कण्हायचंही थांबलं. कंपनीनं नव्या खोक्याची किंमत कळवली. साहेबांनी आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, घातला, परत वाचला. आकडा तोच.

आणि तिथे मी तोंड उघडलं. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला कुणी चिमटा जरी काढला असता ना, तरी आज मी सुखात असतो. मी म्हणालो, "साहेब, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. जगभरातली माणसं मिळून लिहितात. फुकट मिळतं. साधी तीन मशीनं घ्यायची, त्यात वेगवान डिस्क टाकायच्या, आणि ह्या खोक्याच्या दसपट वेगानं चालेल."

साहेब म्हणाले, "फुकट? मग इतकी वर्षं दाबून का ठेवलं होतंत?" जणू मी ते घरी नेऊन वापरत होतो.

मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हे बघा सर्व्हर, सहा महिने देतो. सहा महिन्यांत ऑफिस थांबलं, तर कंपनीचं खोकं येईल, खोक्याबरोबर कंपनीचा माणूस येईल, मग तुमचं इथे काय काम? आणि सहा महिने नीट चाललं तर निवृत्तीपर्यंत तुम्ही इथेच. मला त्यातलं बाकी काही कळत नाही. मला एकच कळतं, बंद पडता कामा नये."

बंद पडता कामा नये. हे वाक्य मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, जेवताना स्वतःला सांगितलं, दात घासताना आरशाला सांगितलं. बायको नर्स आहे, तिला कौतुक म्हणून नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही स्वतःहून अंगावर घेतलंत." म्हटलं, अगं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला काही स्वतःच्या डोक्यानं करू देतंय. तर म्हणे, "तेच म्हणतेय मी."

पण मी लावलं हो ते. जीव ओतून लावलं. तीन मशीनं, आणि प्रत्येक गोष्ट तिन्हीकडे लिहिलेली. एक मशीन मेलं तरी उरलेली दोघं एकमेकांना विचारतात, तुझ्याकडे काय लिहिलंय, माझ्याकडे हेच आहे, मग चला पुढे. मेलेलं परत उठलं की ते आधी गुमान मधल्या वेळेतलं सगळं उतरवून घेतं आणि मगच बोलायला लागतं. पण दोघं मेली आणि एकटं उरलं, तर ते एकटं गप्प बसतं. का? कारण त्याला खात्री नसते ना, की आपलं खरं की आपणच मागे राहिलोय. चुकीचं बोलण्यापेक्षा तोंड मिटून बसलेलं बरं. आता ही अक्कल तीन लोखंडी पेट्यांना आहे, आणि आमच्या ऑफिसात... जाऊ दे.

आणि वेग काय विचारता? सकाळी नऊला बटण दाबलं की माणूस खुर्चीत टेकायच्या आत मशीन तयार. लोक खूश झाले असतील असं वाटतं ना तुम्हाला? शिव्या घातल्या मला. चहाची वीस मिनिटं गेली होती त्यांची.

त्यातच आमच्या टेपवाल्या काकांची नोकरी गेली. रोज संध्याकाळी सगळ्याची एक प्रत टेपवर घ्यायची आणि ती पिशवीत घालून घरी न्यायची, हे त्यांचं काम. साहेबांनी विचारलं, "तीन-तीन प्रती आहेत, मग काकांचं काय काम?" आता खरं उत्तर असं, की तीन प्रती म्हणजे काही टेप नव्हे, कुणी चुकून फाईल पुसली तर ती तिन्हीकडून पुसली जाते. मला येत होतं ते उत्तर. पण तेव्हा माझा वेलू गगनावेरी चालला होता ना... मी म्हणालो, "तसं बघायला गेलं तर गरज नाही." काका एकोणीस वर्षांचं सामान एका पिशवीत भरून गेले. त्याच पिशवीत. वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, तेव्हा नाही वाटलं. उलट त्यांचं टेबल मी घेतलं, खिडकीजवळ होतं.

तर एक दिवस साहेब म्हणाले, "खरंच नाही ना पडणार बंद?" आणि मी, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तो मी, साहेबांना थेट सर्व्हरच्या खोलीत घेऊन गेलो आणि छाती पुढे काढून म्हणालो, "ओढा कुठलीही वायर."

साहेबांनी पँटला सुटलेला दोरा ओढावा तशी घाबरत घाबरत एक वायर ओढली. पहिलं मशीन मेलं. काचेतून बाहेर बघितलं तर एकशे चाळीस माणसं खाली मान घालून काम करतायत. एकानंही वर बघितलं नाही. साहेबांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं हे आता मला मिठी मारतात. मारली नाही. त्यांनी फोन काढला आणि मित्राला बोलावलं.

संपलं. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात पाहुणा आला की चहा नंतर, आधी वायर. गिऱ्हाईक आलं, ओढा वायर. बँकेचा अधिकारी आला, ओढा वायर. साहेबांचा दातांचा डॉक्टर आला, त्याचा तर हातखंडा, त्यानं हिसका दिला आणि म्हणाला, "मुळं चांगली घट्ट आहेत." खोलीत पाहुण्यांसाठी खुर्ची आली. वायर ओढायची, काचेतून डोकवायचं, आणि टाळी द्यायची, "चालतंय, चालतंय." बाहेरच्या लोकांना काचेत पाहुणा दिसला की तेही धडाधड काहीतरी टाईप करायला लागायचे, म्हणजे साहेबांना बरं वाटेल. आणि मी मागे उभा. प्रत्येक ओढीनंतर ते मशीन उठायला, राहिलेलं उतरवून घ्यायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात दुसरी ओढली तर मेलो. म्हणून मी दारावर कागद चिकटवला, "एका वेळी एकच वायर. नंतर पंधरा मिनिटं थांबावे." साहेबांनी तो स्वतः काढला. "पाहुण्यांसमोर असं काय हे? आपण त्यांना नियम लावायचे?" म्हटलं, साहेब, पण एका वेळी... "सर्व्हर, मला एकच कळतं. बंद पडता कामा नये."

अहो, मग ओढू नका ना. इतकं साधं आहे. एखाद्याचं हृदय चांगलं चालतंय म्हणून कुणी रोज ते थांबवून बघतं का?

पाचवा महिना संपत आला होता. साहेबांच्या मुलीचं लग्न ठरत होतं, होणारे व्याही ऑफिस बघायला आले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं ऐकत आलो होतो, हा व्याही जातीनं आला. भारी दणकट गृहस्थ. साहेबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतः पहिली वायर ओढली, नेहमीप्रमाणे बाहेर सगळं चालू. व्याही म्हणाले, "अरे वा. अहो, मग एक आम्हालाही ओढू द्या की."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "हो हो, जरूर, फक्त पंधरा मिनिटं..."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या तोंडातलं पुढचं वाक्य परत पोटात गेलं. हळू आवाजात म्हणाले, "व्याह्यांना ताटकळत ठेवायचं?"

आणि व्याह्यांनी ओढली. नुसती ओढली नाही, उपटली. दुसरं मशीन मेलं. तिसरं एकटं उरलं, आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसलं. काचेतून बघतोय तर एकशे चाळीस माना एकदम वर. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसांनी माझ्याकडे बघितलं, आणि हसत बघितलं. कुणीतरी तर जेवणाचा डबाच उघडला. व्याही वायर हातात धरून उभे, म्हणाले, "हे असंच व्हायचं असतं का?" मी म्हटलं, अहो, ती वायर द्या. तर देईनात. साहेबांकडे बघून म्हणाले, "हा कोण?"

पहिलं मशीन चालू करायला गेलो, तर ढिम्म. रोज ओढून ओढून त्याच्या वीजपुरवठ्याचा भागच जळालेला. व्याह्यांच्या हातून वायर सोडवून दुसरं उठवलं, पण असं अचानक मारल्यामुळे ते एकेक डिस्क तपासत बसलं, सावकाश, अगदी सरकारी. आता फुकटच्या सॉफ्टवेअरचं असं असतं, फोन करून ओरडायला कुणी कंपनी नसते. इंटरनेटवर एक चावडी असते, तिथे जगभरचे जाणकार बसलेले. मी लिहिलं, तीनातली दोन मशीनं एकदम गेली, काय करू? दोन मिनिटांत पहिलं उत्तर, "दोन मशीनं घालवू नयेत." दुसरं उत्तर, "नियमपुस्तिका वाचावी." तिसऱ्यानं विचारलं, "पण दोन वायरी ओढल्याच का?" मी लिहिलं, पाहुणे आले होते. त्यावर एकानं लिहिलं, "तुम्ही सर्व्हर चालवता की प्राणिसंग्रहालय?" त्याला सत्तावीस जणांनी पसंती दिली. शेवटी एका भल्या माणसानं लिहिलं, "काहीही करू नका. तपासणी संपू द्या, आपोआप चालू होईल. हात लावलात तर बिघडेल."

बरोबर होतं त्याचं. शंभर टक्के बरोबर. पण काहीही न करणं कसं करतात हो? मागे साहेब उभे, त्यांच्या मागे व्याही उभे, काचेबाहेर अख्खं ऑफिस नाक लावून उभं. साहेब ओरडतायत, "अहो, काहीतरी करा." मग मी काय केलं माहितीये? फायलींची यादी दाखवायची एक निरुपद्रवी कमांड असते, ती टाईप करत बसलो. परत परत. खडखड आवाज करत. मध्येच मान हलवायची, मध्येच "हं, इथे आहे तर" म्हणायचं. त्रेचाळीस मिनिटं. माझी नोकरी तिथे डचमळत होती आणि मी यादी वाचत होतो.

आणि त्रेचाळिसाव्या मिनिटाला सगळं परत आलं. सगळं. रेघ जिथे अर्धी थांबली होती तिथूनच पुढे निघाली. रिसेप्शनवरच्या ताईंचं पाहुण्यांच्या नोंदीत व्याह्यांचं नाव अर्धंच राहिलं होतं, ते पूर्ण उमटलं. एक अक्षर हरवलं नाही. मला रडायलाच आलं. म्हटलं, "साहेब, बघा, एक फाईल गेली नाही."

साहेब म्हणाले, "बंद पडलं."

दुसऱ्या दिवशी मीटिंग. चूक कुणाची? साहेबांची असू शकत नाही, कारण ते साहेब. व्याह्यांची असू शकत नाही, कारण लग्न मोडेल. साहेबांचा मेहुणाही आला होता. तीन धंदे बुडवून आता ऑफिसात "देखरेख" करतो. देखणं चालू असतं, रेख कुठे दिसली नाही. तो म्हणाला, "वायर ढिली होती." सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, साहेब, ह्या सॉफ्टवेअरचा एकच धर्म आहे, कुठलीही गोष्ट एकटी नको. प्रत्येकीची जोडीदार हवी. आपण चौथं मशीन घेऊ, प्रत्येकाला दोन वायरी देऊ.

साहेब विचारात पडले. "कुठलीच गोष्ट एकटी नको... मग आत्ता इथे एकटं काय आहे?"

आणि मेहुण्यानं नुसती हनुवटी माझ्याकडे केली.

तुम्हाला सांगतो, मी खूश झालो. हसू नका. मला वाटलं, शेवटी ह्यांना माझी किंमत कळली. साहेब म्हणाले, "तुम्ही आजारी पडलात, मेलात, तर कोण बघणार? दोघांना तयार करा. मेहुणा आणि रिसेप्शनच्या ताई. बंद पडता कामा नये." त्रेचाळीस मिनिटं माफ. नोकरी वाचली. मी घरी उड्या मारत गेलो. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या वॉर्डात डॉक्टर म्हणतात, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. तेव्हाही काही पेशंटना वाटतं सत्कार आहे."

मी तिला म्हटलं, तुझं मन काळं आहे.

मग शिकवलं हो मी. मेहुण्याला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यानं पासवर्ड ठेवला स्वतःचंच नाव, आणि विसरू नये म्हणून स्क्रीनला चिकटवला. मी ते चारचौघांत वाचून दाखवलं, लोक पोट धरून हसले, तो लालभडक झाला. मला फार गोड वाटलं. पण ताई... ताईंनी वही आणली. बाई प्रश्न विचारायची, आणि बरोबर विचारायची. महिन्याभरात एक डिस्क खराब झाली तर मी चपला घालून खोलीत पोचेपर्यंत त्यांनी ती बदललीसुद्धा. तीन वेळा शाबासकी दिली मी त्यांना. चौसष्ट पानांची टिपणं लिहून दिली, चित्रांसह. काय झालं तर काय करायचं, कुठलं आधी, कुठलं नंतर. काहीच करायचं नसतं तेव्हा काय टाईप करत बसायचं, तेही लिहिलं.

सहा महिने झाले. साहेबांनी बोलावलं, चहा सांगितला. "अभिनंदन सर्व्हर. आता एकच टेस्ट. उद्यापासून आठ दिवस येऊ नका. फोन उचलू नका. बघू, तुमच्याशिवाय चालतं का."

आणि मी काय म्हणालो? अहो, सव्वीस वर्षांची सवय... मी म्हणालो, "साहेब, अगदी योग्य. अशी टेस्ट करायलाच हवी."

आठ दिवस घरी बसलो. माळे साफ केले. नवव्या दिवशी ताईंचा फोन. बिचारीचा आवाज पडला होता. "सर, साहेबांनी कळवायला सांगितलंय, टेस्ट पास झाली."

म्हटलं, वा. मग उद्या येतो.

"नाही सर... म्हणजे, पास झाली ना."

पुढे त्याच म्हणाल्या, "सर, तुमचं सामान एका खोक्यात भरून ठेवलंय. खिडकीजवळचं टेबल आता मेहुण्यांना दिलंय."

गरज सरो, वैद्य मरो. ठीक आहे. पण इथे वैद्यानं स्वतः औषधाचं पुस्तक लिहून दिलं, चित्रांसह. आता रोज सकाळी नऊला मी मोबाईलवर त्या ऑफिसचं पान उघडून बघतो, गिऱ्हाइकांना नकाशे दाखवायचं, ते त्याच स्टोरेजवर आहे. एकदा अडकू दे. एकदाच. नुसतं चक्र फिरू दे. धावत बोलावतील मला. बायको म्हणते, दुसरी नोकरी शोधा. शोधतोय, पण नऊ वाजले की बोट जातंच. आणि बोट उचलायच्या आत पान उघडतं. आज एकशे बारावा दिवस. एक्कावन्न वर्षांत एक काम जरा हलगर्जीपणानं करायला हवं होतं हो, तेवढंही जमलं नाही.